एका दोरीवर दोन इंजिनं

आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीत चाकापाशी एक लाल, वेटोळ्यांची दोरी लोंबत असते. तिच्या एका टोकाला प्लास्टिकची क्लिप आणि दुसऱ्याला हूक. क्लिप किल स्विचच्या गळ्यात बसवायची, हूक बोट चालवणाऱ्याने स्वतःला अडकवायचा. माणूस जागेवरून फेकला गेला की क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. एका इंजिनापुरतं हे काम सोपं आहे. बोटीला दोन इंजिनं असली की काय काय बघावं लागतं, ते मी देवबागला, कर्ली नदीच्या मुखाजवळ, ऑगस्टच्या अखेरीस पाहिलं. पर्यटनाचा हंगाम तोंडावर होता. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीत मिस्त्री चाकाखालच्या कप्प्यात डोकं घालून बसले होते आणि मी त्यांना बॅटरी धरून उजेड दाखवत होतो.

चाक सुटलेली आउटबोर्ड बोट सरळ जात नाही. पंख्याच्या जोराने इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल घिरट्या घालायला लागते. पडलेला माणूस त्याच घेऱ्यात असतो, त्यामुळे पंखा फिरून फिरून त्याच्याच अंगावर येतो. इंग्लंडात कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोजवळच्या कॅमल नदीच्या मुखात ५ मे २०१३ रोजी असंच घडलं. एका कुटुंबातली सहाही माणसं वेगवान बोटीतून पाण्यात फेकली गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. बोटीत स्विच होता, दोरीही होती, पण ती चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली नव्हती. दोन इंजिनांच्या बोटीत आणखी एक धोका असतो. दोरी सुटून एकच इंजिन बंद पडलं, तर चालू राहिलेलं इंजिन बोटीला बंद बाजूकडे ढकलत राहतं. म्हणजे घिरट्या थांबत नाहीतच. दोन्ही एकाच झटक्यात बंद पडायला हवीत.

पेट्रोलच्या आउटबोर्डला चालू राहायला बॅटरी लागतेच असं नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या दोरी ओढून सुरू होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांत ठिणगीची वीज फिरत्या चक्रातूनच तयार होते, त्यामुळे बॅटरी काढली तरी इंजिनाला त्याचा पत्ताही नसतो. ते बंद करायचं तर ठिणगीच्या यंत्रणेतून आलेली एक वायर ग्राउंडला टेकवावी लागते. यामाहात ती वायर पांढरी आणि ग्राउंड काळी. मर्क्युरीत ती काळी, वर पिवळा पट्टा. फोर-स्ट्रोक इंजिनांत संगणक आला, तरी अनेक ठिकाणी बंद करण्याची रीत हीच राहिली आहे. क्लिप बसलेली असेपर्यंत पांढरी आणि काळी एकमेकींपासून तुटलेल्या असतात. क्लिप निघाली की स्विचच्या आत दोघी जुळतात आणि ठिणगी मरते.

ही बोट मुळात एका इंजिनाची. दुसरं इंजिन नंतर बसवलं, तेव्हा त्याच्या कंट्रोलबरोबर दुसरा स्विच आणि दुसरी दोरी आली. दोन दोऱ्या अंगाला बांधून कुणी बोट चालवत नाही. मग कुणीतरी दोन्ही इंजिनांच्या पांढऱ्या वायरी एकत्र पिळून एकाच स्विचला दिल्या. दोरी ओढली की दोन्ही इंजिनं बंद पडायची, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण चावीसुद्धा इंजिन बंद करते ती पांढरी वायर ग्राउंडला टेकवूनच. पांढऱ्या दोन्ही जोडलेल्या, त्यामुळे डाव्या इंजिनाची चावी फिरवली की उजवंही बंद. मागच्या हंगामात पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला म्हणून नाखव्याने डावं इंजिन बंद केलं, आणि ऐन ओहोटीत दोन्ही गेली. कर्लीच्या मुखाशी ओहोटीची ओढ काय असते, ते तिथल्या कुणालाही विचारा. नांगर टाकला म्हणून निभावलं. शिवाय अशा जोडणीत एका इंजिनाच्या ठिणगीची वीज दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरते, इंजिन अडखळतं, कधी महागडा भाग जळतो.

मिस्त्रींनी ती पिळलेली जोडी कापून टाकली आणि दोन पोलचा स्विच काढला. बाहेरून एक स्विच, एक क्लिप, पण आत दोन वेगळे संपर्क. मागे चार टोकं: डाव्याची पांढरी-काळी, उजव्याची पांढरी-काळी. क्लिप दोघांना एकदम सोडते, पण एकाची वीज दुसऱ्याकडे जात नाही. मी विचारलं, काळी तर बॅटरीपाशी एकच होते, मग दोन कशाला ओढायच्या? ते म्हणाले, तो एक सांधा गंजला तर दोन्ही इंजिनांची सुरक्षा एका दिवशी जाईल; ज्याची त्याची काळी ज्याच्या त्याच्या इंजिनापर्यंत गेलेली बरी. रिले लावायची नाखव्याची सूचनाही त्यांनी मोडीत काढली. इंजिन थांबवायलाच ज्याला १२ व्होल्ट लागतात, तो रिले बॅटरी उतरल्या दिवशी काय कामाचा?

खरा वेळ गेला तो सांध्यांत. घरगुती वायरीचं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं आणि वरून काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक तारेवर कल्हई चढवलेली, दीड एमएमची वायर घेतली होती. सोल्डर कुठेही नाही, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. प्रत्येक टोकाला लग दाबून बसवला, हाताने ओढून पाहिला, मग आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवून तापवली. नळीच्या दोन्ही तोंडांतून गोंदाचा थेंब बाहेर डोकावला, तरच सांधा पास. एकीतून तो दिसला नाही, तर ती कापून पुन्हा केली. वायर स्विचकडे वर जाण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी स्विचमध्ये न शिरता झोळातून गळून जाईल. शेवटी पारदर्शक नळीखाली कागदाच्या चिठ्ठ्या: ‘डावं बंद’, ‘उजवं बंद’. पुढच्या मिस्त्रीसाठी. सांध्यांची ही चिकाटी मला त्या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटली.

मीटर लावला. क्लिप बसवली की मीटर गप्प, काढली की बीप. दोन्ही बाजूंना तसंच. मग प्लग जोडले आणि भरतीला बोट पाण्यात घेतली. क्लिप काढलेली असताना इंजिन नुसतं फिरावं, पेटू नये, ही पहिली परीक्षा असते. मिस्त्रींनी ती शेवटी करायचं ठरवलं. आधी चाव्या. डावी चावी बंद केली, उजवं चालू राहिलं. उजवी बंद केली, डावं चालू राहिलं. नाखव्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग मिस्त्री म्हणाले, “वड आता.” नाखव्याने दोरी ओढली. मागे बसलेला खलाशी ओरडला, “एकच बंद पडला! उजवा चालूच आसा!”

प्लग दाबून बसवताना उजव्या जोडणीतली एक पिन मागे सरकली होती, एवढंच. ती पुढे आणून कुलूप बसवलं, पुन्हा ओढलं, दोन्ही इंजिनं एकदम थांबली. पण चावीने, मीटरने आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांनी पास केलेला दोष पकडला तो फक्त दोरी ओढण्याने. ग्राउंडला टेकवून बंद होणाऱ्या इंजिनांचं हेच भय आहे. बंद करण्याची वायर कुठे तुटली, गंजली, सुटली, तर इंजिन काहीच सांगत नाही. ते छान चालत राहतं. उलट प्रकारच्या जोडणीत, जिथे सर्किट तुटलं की इंजिन थांबतं, तिथे खराब सांधा स्वतःहून कळतो. पण तो खडकाजवळ किंवा लाटांच्या तोंडावरही कळू शकतो. आपल्या इंजिनाची जोडणी कुठली, हे प्रत्येक नाखव्याला ठाऊक असायला हवं. आणि पहिली फेरी निघण्याआधी, रोज, न्यूट्रलमध्ये दोरी ओढून दोन्ही इंजिनं थांबतात का ते बघायला हवं. त्याला मिनिटही लागत नाही. बोटीचा परवाना देताना तपासनिसानेही स्विच आहे का एवढं न बघता तो ओढून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोटी वेगात चालवताना ही दोरी अडकवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण ती कुठे अडकवायची, हेही महत्त्वाचं. नाखव्याला मिस्त्रींनी ती मनगटाला नको, मांडीभोवती बांधायला सांगितलं. मनगटावरची दोरी चाकात अडकते, मग कंटाळून माणूस ती काढूनच ठेवतो. एकाकडून दुसऱ्याकडे चाक द्यायचं तर आधी इंजिनं बंद, मग दोरी बदलायची.

निघताना त्यांनी खलाशाला बोलावून एक दुसरी क्लिप हातात दिली. नाखवा पाण्यात पडला तर पहिली क्लिप त्याच्याबरोबरच जाणार. बोटीत राहिलेल्यांकडे दुसरी नसेल, तर इंजिनं सुरूच होणार नाहीत आणि ओहोटी बोटीला त्याच्यापासून लांब नेईल. क्लिप लाइफ जॅकेटांच्या पेटीच्या झाकणाला आतून बांधली. मग खलाशाने ती सोडून स्विचमध्ये बसवली, दोन्ही इंजिनं एकेक करून सुरू केली आणि बोट वळवून दाखवली.