दंतवैद्य घडताना : भाग ९ — मेणाचा दात

या आठवड्यात तिसऱ्या वर्षाची दवाखान्यातली पोस्टिंग आणि तिथे पुऱ्या करायच्या कामांचा कोटा यांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या वेळी. हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावहून एका वडिलांचं पत्र आलंय आणि दोन ओळींत त्याची बोळवण करणं मला पटेना.

मुलगी बीडीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली ती पिशवीभर मेणाचे ठोकळे घेऊन. दिवसभर कोरत बसते, मनासारखं झालं नाही की तुकडा बाजूला टाकते आणि नवा ठोकळा घेते. वडील विचारतात, ‘नीटसाठी दोन वर्षं रात्रीचा दिवस केला, ते हे सुतारकाम करायला?’

प्रश्न रास्त आहे. पुसेगावच्या मुलीला या शिक्षणासाठी घर सोडावंच लागतं. हिंगोलीत २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पण दंत महाविद्यालय जिल्ह्यात नाही. नांदेड, परभणी, लातूर गाठायचं, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं सरकारी दंत महाविद्यालय, जे १९८२ पासून आहे. एवढ्या लांब पाठवलेली लेक परत येऊन मेण कोरत बसली, तर बापाला प्रश्न पडणारच.

पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या जोडीला एक पूर्ण विषय दातांच्या रचनेचा असतो. हे कोरीवकाम त्याचं प्रात्यक्षिक. सुरुवात बहुधा वरच्या मधल्या पटाशीच्या दातापासून होते. पुस्तकातली मापं ठरलेली: दिसणारा भाग साडेदहा मिलिमीटर उंच, मूळ तेरा मिलिमीटर, रुंदी साडेआठ. शिकताना ही मापं त्याच प्रमाणात वाढवून ठोकळ्यावर आखतात आणि जादा मेण बाजूबाजूने उतरवत जातात. सोपं वाटतं. पण आरशासमोर उभं राहून स्वतःचे वरचे दोन मधले दात बघा. जिथे ते एकमेकांना भिडतात तो खालचा कोपरा जवळजवळ काटकोनी असतो, बाहेरच्या बाजूचा कोपरा गोलसर. एवढ्या फरकावरून सुटा दात उजवा की डावा हे ओळखता येतं. विद्यार्थ्याने दोन्ही कोपरे सारखेच कोरले, तर तो दात कुणाच्याच तोंडातला नसतो. सर सही न करता परत देतात आणि ‘रिपीट’ म्हणतात ते याचसाठी.

आता दाढेकडे या. दोन दाढा एकमेकींना भिडतात त्या एका लहानशा जागेत, आणि तिथे कड फुगीर असते. कीड लागून नेमकी ती कड गेली आणि भरताना डॉक्टरने तिथे सपाट भिंत उभी केली, तर फट राहते. मग जेवणानंतर मेथीचा धागा, आंब्याची शीर, मटणाचा तंतू रोज तिथेच अडकणार, हिरडी सुजणार आणि माणूस काडी घेऊन कोरत बसणार. ‘सिमेंट भरलं तरी त्रास गेला नाही’ ही तक्रार पुष्कळदा अशा सपाट भिंतीची असते. दाढेचा फुगवटा ज्याच्या बोटांत बसलाय, त्याच्या हातून ही चूक सहसा होत नाही. ग्रीन वर्दिमन ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली दातांच्या रचनेवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि १९०८ साली दात कसे भरावेत यावर. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. किडीची त्याने केलेली वर्गवारी आजही दुसऱ्या वर्षाला पाठ करावी लागते.

दाढ काढण्याचं तर सगळं गणितच मुळांच्या आकारावर आहे. वरच्या पटाशीच्या दाताचं मूळ एकच आणि निमुळतं, म्हणून तो हलके फिरवून सैल करता येतो. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुधा दोन बारीक मुळं असतात. तिथे पीळ दिला की मूळ मोडलंच. वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं: दोन गालाकडे, एक टाळूकडे. त्यामुळे तिच्या चिमट्याचा गालाकडचा जबडा टोकदार असतो, कारण ते टोक त्या दोन मुळांच्या बेचक्यात बसायचं असतं, आणि टाळूकडचा गोल. म्हणून वरच्या दाढांना उजवीचा चिमटा वेगळा, डावीचा वेगळा. खालच्या दाढेला मुळं दोनच, एक पुढे एक मागे, म्हणजे बेचकं दोन्ही बाजूंना. तिथे एकच चिमटा दोन्हीकडे चालतो. हे पाठ करणारी मुलं तोंडी परीक्षेत गडबडतात. ज्यांनी दात हातात धरून चारी बाजूंनी निरखलाय, ती न अडखळता सांगतात.

तेव्हा लेकीला कोरू द्या. आपल्याकडच्या उन्हात मेण मऊ पडतं, पात्याला चिकटतं आणि कड तुटून येते. तिला पहाटे बसायला सांगा, ठोकळा अधूनमधून माठाच्या पाण्यात बुडवू द्या. शेवटी साबणाच्या पाण्यात मऊ कापडाने हलके पुसलं की चकाकी येते.

आणि एक काम तुम्ही करू शकता. पुढच्या वर्षी तिला खरे दात लागतील, काढलेले. त्यांवर पोखरणं आणि भरणं शिकतात. तालुक्याच्या किंवा हिंगोलीच्या दंतवैद्याकडे आत्ताच शब्द टाकून ठेवा. रुग्णाची हरकत नसेल तर बहुतेक डॉक्टर आनंदाने देतात, त्यांनीही असेच गोळा केलेले असतात. बाटली घट्ट झाकणाची हवी आणि दात ओलेच राहायला हवेत. सुकलेला दात ठिसूळ होतो, ड्रिल लावताच तडकतो. उघड्या हाताने हाताळू नका. ज्या दातात जुनी चांदी भरलेली आहे ते वेगळ्या बाटलीत ठेवायला सांगा. बाकीचे दात कॉलेजात वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येतात, पण चांदीवाल्यांना ती उष्णता चालत नाही, त्यातल्या पाऱ्याची वाफ होते. ते दहा टक्के फॉर्मालिनमध्ये दोन आठवडे ठेवावे लागतात.