पडदा काळा झाला, दुखणे तेच

विंडोज ११ क्रॅश झाल्यावर दिसणारा निळा पडदा २०२५ मध्ये काळा झाला. रडका चेहरा आणि क्यूआर कोडही गेला. बातम्या रंगाच्या झाल्या, पण कामाचा मजकूर पडद्याच्या तळाशी आहे. तिथे स्टॉप कोड आणि, विंडोजला सापडले तर, दोषी ड्रायव्हरच्या फाइलचे नाव येते. ड्रायव्हर अपडेट केल्यापासून मशीन सारखे बंद पडत असेल तर आधी मोबाइलने या पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

साधे अ‍ॅप चुकले तर विंडोज तेवढेच बंद करते. पुष्कळसे ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात चालतात. तिथे एखाद्याने भलत्याच मेमरीला हात घातला, तर डेटा खराब होण्याआधी विंडोज स्वतःच सगळे थांबवते.

१९ जुलै २०२४ ला हेच जगभर दिसले. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर त्या दिवशी बदललाही नव्हता. त्याला पुरवली जाणारी माहितीची फाइल तेवढी नवी होती. तिच्यातल्या नियमाला २१ वा रकाना तपासायचा होता, सॉफ्टवेअरकडून मिळत होते २०. जे नव्हतेच ते वाचायला ड्रायव्हर हद्दीबाहेर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन आडवी झाली. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी पडलेल्या बहुतेक मशीनना त्याचा उपयोग नव्हता. दुरुस्ती उतरवून घेण्याआधीच ती पुन्हा क्रॅश होत. शेवटी माणसांनी एकेका मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल उडवली. बिटलॉकरने डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तिथे त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की टाकावी लागली. आपल्याकडे तोवर इंडिगोच्या काउंटरवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघत होते.

घरातल्या लॅपटॉपचा मार्गही सेफ मोडमधूनच जातो. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता पडले की रिकव्हरीचा पडदा आपोआप येतो. तिथल्या स्टार्टअप सेटिंग्जमध्ये सेफ मोड मिळतो. त्यात अत्यावश्यक ड्रायव्हरच चालू होतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर टॅबवर जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबावे. बटण फिकट असेल तर मागची आवृत्ती साठवलेली नाही. अशा वेळी ड्रायव्हर काढून टाकून जुनी आवृत्ती लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्यावी. विंडोज अपडेट काही दिवस पॉज करावे, नाहीतर तोच ड्रायव्हर मागच्या दाराने परत येतो. घरच्या मशीनवरही डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असू शकते. तिथली रिकव्हरी की सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

पडद्यावरचे नाव नेहमी खरे नसते. एनटीओएसकर्नल दिसले की लोक विंडोजलाच दोष देतात. प्रत्यक्षात ती गाभ्याचीच फाइल असते आणि पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या चुकीवर ती कोसळते. खरा गुन्हेगार शोधायला विंडोज फोल्डरातल्या मिनीडंप फाइली, म्हणजे क्रॅशच्या नोंदी, विनडीबीजी या डिबगरमध्ये उघडाव्यात. एवढी खटपट नको असेल तर रिलायबिलिटी मॉनिटर पुरे. क्रॅशची आणि नव्या ड्रायव्हरची तारीख त्यात एकाच तक्त्यात दिसते.

दुरुस्तीच्या दुकानात मात्र अजून ‘फॉरमॅट मारून देतो’ हेच रामबाण औषध. त्यात मिनीडंपचा पुरावा पुसला जातो, आणि नव्या विंडोजवर तोच ड्रायव्हर पुन्हा चढला की गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे! मायक्रोसॉफ्टने आणलेली क्विक मशीन रिकव्हरी इंटरनेटवरून दुरुस्ती आणते खरी, पण ती दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने आधी तयार करून ठेवलेली असावी लागते. मोठ्या साथीत ती उपयोगी पडेल. एखाद्या घरच्या जुन्या प्रिंटरसाठी तिच्यावर विसंबू नये.

जुना ड्रायव्हर घालूनही क्रॅश थांबले नाहीत, तर अपडेटचा दिवस निव्वळ योगायोग असू शकतो. तेव्हा विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅम तपासावी.