हसणं एकट्याचं नसतं

'हसा आणि लठ्ठ व्हा' असं आपल्याकडे जुनी माणसं म्हणायची. आता लठ्ठ होण्याची हौस कुणालाच नाही, तेव्हा म्हणीचा तो भाग सोडून देऊ. पण हसण्याचं काय? आज दिवसभरात आपण खरंच, आवाज काढून किती वेळा हसलो, हे झोपण्यापूर्वी एकदा आठवून पाहा. मोबाइलवर हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा पाठवलेल्या असतात, 'हहपुवा' म्हणजे 'हसून हसून पुरेवाट' असंही लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याचा चेहरा मात्र तेव्हा मख्ख असतो!

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणी विनोद केला, तर बाकीच्यांचे माइक बंद असतात. सगळे हसत असतील, पण ऐकू कुणालाच येत नाही. आणि ऐकू न येणाऱ्या हसण्यात काहीतरी कमी पडतं.

शरीरात काय होतं?

खळखळून हसताना छाती-पोटाचे स्नायू आणि श्वासपटल झपाट्याने काम करतात, हवा लहान-लहान झटक्यांनी बाहेर पडते, नाडी थोडी वेगाने चालते. हसू ओसरलं की अंग सैल पडतं. 'हसून हसून पोट दुखलं' हे अक्षरशः खरं असतं. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विनोदी चित्रफिती पाहून मनापासून हसलेल्या लोकांची वेदना सोसण्याची ताकद त्यानंतर वाढलेली दिसली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्यं त्यामागे असावीत, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून हसणं हे काही औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायचीच. हर्निया असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर मुद्दाम जोरजोरात हसण्याचे व्यायामही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

विनोद नसला तरी चालतो

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी मॉलमध्ये, फुटपाथवर, कॉलेजच्या आवारात लोक कधी हसतात याच्या नोंदी केल्या. शंभरातले जेमतेम दहा-वीस प्रसंग विनोदाचे निघाले. बाकी वेळा लोक 'बरंय, भेटू मग' अशा साध्या वाक्यांवर हसत होते. आणि माणूस एकटा असताना हसतो, त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, असंही त्यांना आढळलं.

मुंबईत डॉ. मदन कटारिया यांना हाच अनुभव आला. १९९५ साली त्यांनी पाच जणांना घेऊन बागेत पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेले कुणाला ना कुणाला लागू लागले. मग त्यांनी विनोदच बंद केले आणि नुसतं एकत्र हसायला सुरुवात केली. आज बागेत सकाळी हात वर करून हसणारी आजी-आजोबा मंडळी दिसतात, ती त्याच वाटेवरची. आपण तरुण त्यांच्याकडे पाहून हसतो, तेही त्यांच्या फायद्याचंच!

बडोद्याची देणगी

आमच्या बडोद्याला हसण्याचा मोठा वारसा आहे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी ज्यांनी मराठीला दिली, ते चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवत. 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'चिमणरावांचे चऱ्हाट' ही पुस्तकं आजही वाचून पाहावीत. चिमणराव दुसऱ्याची टिंगल करत बसत नाही, स्वतःचीच फजिती सांगतो. म्हणून त्याच्यावर हसताना कुणी दुखावत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत हे विशेष लक्षात ठेवायला हवं. आपली मुलं 'माझं पेन' ऐवजी 'माझी पेन' म्हणतात, कारण गुजरातीत पेन स्त्रीलिंगी आहे. सुट्टीत पुण्याचे नातेवाईक त्यावर हसतात. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण असं दोन-तीनदा झालं की मूल गप्प होतं आणि पुढच्या खेपेला सरळ इंग्रजीत बोलतं. एक हसू एका मुलाची मराठी बंद करू शकतं.

हेच हसू उलटंही फिरवता येतं. गुजरातीत 'नवरी' म्हणजे मोकळी, काम नसलेली. शेजारच्या बेन म्हणतात, 'आजे हुं नवरी छुं', आणि महाराष्ट्रातून नुकती आलेली सून चक्रावते: या वयात पुन्हा नवरी? हा गोंधळ घरात सांगून पाहा. दोन्ही भाषा येणारं मूल सगळ्यात आधी हसेल, आणि पुण्याच्या भावंडांना तेच समजावून सांगेल. तिथे त्याची मराठी कमी पडत नाही, उलट त्याच्याकडे एक भाषा जास्त असते. भाषेतला विनोद कळला की ती भाषा आपली होते. व्याकरण मग सावकाश येतं.

घरी करता येईल असं

• रविवारी एक जेवण मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून करा. प्रत्येकाने त्या आठवड्यातली स्वतःची एक फजिती सांगायची, दुसऱ्याची नाही.

• मुलांची चूक हसून दाखवू नका. बरोबर शब्द आपल्या पुढच्या वाक्यात सहज वापरा, मूल तो उचलतं.

• दूर राहणाऱ्या भावाला विनोद फॉरवर्ड करण्याऐवजी फोन लावून सांगा. तो हसलेला ऐकू येऊ द्या.

• चिं. वि. किंवा पु. ल. यांचं एखादं पान मोठ्याने वाचा. मुलं अडतील तिथे आजोबांना विचारू द्या. बहुतेक वेळा आजोबांचं उत्तर पुस्तकापेक्षा जास्त हसवतं.

यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. फक्त समोर माणूस लागतो, आणि तो तर आपल्याच घरात, शेजारच्या खोलीत फोन घेऊन बसलेला आहे. त्याला हाक मारा.