रिबिनीच्या फुलातली सरळ रेघ

शाळकरी मुलीच्या वेणीवरचं लाल रिबिनीचं फूल कागदावर काढायला बसलं, की बहुतेकांच्या हातून आधी दोन गुबगुबीत पाकळ्या उमटतात, मध्ये एक गोल गाठ, खाली लोंबणारी दोन टोकं. फूल ओळखू येतं, पण रबराचं वाटतं. ते कापडाचं का वाटत नाही, याचं उत्तर शोधू लागलं की थेट भूमितीच्या एका विलक्षण शोधापाशी पोचायला होतं.

बोटभर रुंदीची कागदाची पट्टी घ्या आणि तिची कमान करा. आता त्या कमानीवर आडवी पेन्सिल टेकवा. पट्टी एवढी वाकलेली असूनही पेन्सिल या काठापासून त्या काठापर्यंत सपाट टेकते. तीच पट्टी एकाच वेळी लांबीत आणि रुंदीत वाकवून खोलगट करून पाहा. जमणार नाही. चुणी पडेल, नाहीतर कागद फाटेल. यामागचं कारण जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ साली सिद्ध केलं. पृष्ठभाग न ताणता, न आकसता कितीही वाकवला, तरी त्याची एक मूळ वक्रता बदलत नाही. सपाट पट्टीची ही वक्रता शून्य असते. म्हणून ती कुठेही एका दिशेला वाकली, की दुसऱ्या एका दिशेला तिला सरळ राहावंच लागतं. रिबीन कागदापेक्षा मऊ असते, पण ताणली जात नाही, त्यामुळे तीही जवळजवळ हाच नियम पाळते. रबरी पाकळी दोन्ही दिशांनी फुगते. रिबिनीची पाकळी फुगूच शकत नाही.

चित्र काढणाऱ्याला यातून फार मोठी मदत मिळते. आधी पाकळीचा एकच काठ काढायचा, हवा तसा वळणदार. मग दुसरा काठ त्याच्या सोबतीने न्यायचा आणि दोघांना सरळ रेघांनी जोडायचं. रिबीन जिथे आपल्यापासून तोंड फिरवते, तिथे तिची रुंदी कमी दिसते, पण प्रत्यक्षात ती तेवढीच असते. मागचा काठ पुढच्या काठाआड जिथे जातो, तिथे त्याची रेघ थांबवायची. एवढ्या एका थांबण्याने डोळ्याला कळतं की पुढे काय आणि मागे काय.

गाठीपाशी मात्र सगळी रुंदी एवढ्याशा जागेत कोंबली जाते. ती आकसू शकत नाही, म्हणून चुण्या पडतात. त्या गाठीपासून पसरत निघतात आणि पाकळी मोकळी होईल तशा विरत जातात. पाकळीच्या बाहेरच्या वळणापर्यंत ओढलेली चुणी खोटी दिसते ती यामुळेच.

फूल आडवं बसणार की तिरकं, तेही गाठच ठरवते. पहिल्या पेचात डावं टोक उजव्यावरून गेलं असेल, तर दुसऱ्या पेचात उजवं डाव्यावरून जायला हवं. मग पाकळ्या दोन्ही बाजूंना नीट पसरतात. दोन्ही पेच एकाच दिशेने घेतले, तर फूल फिरून उभं राहू पाहतं. अशी गाठ लवकर सुटतेही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये बुटांच्या नाड्यांवर प्रयोग करून ते दाखवलं.

आता रंग. खरी गंमत इथे आहे. काठापासून काठापर्यंत जाणारी ती सरळ रेघ आठवा. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू एकाच दिशेला तोंड करून असतो. दूरचा उजेड तिच्यावर सगळीकडे सारख्याच कोनातून पडतो, म्हणून त्या रेघेवर छटाही जवळजवळ एकच असते. म्हणजे आकार सांगणारी रेघ आणि उजेड सांगणारी रेघ एकच! रिबिनीवरची चकाकी ठिपक्यासारखी कधी दिसत नाही. ती आडव्या पट्ट्यासारखी एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते.

साटीनमध्ये हा पट्टा इतका लखलखतो तो विणीमुळे. साध्या विणीत ताण्याचा उभा धागा बाण्याच्या एका आडव्या धाग्यावरून जातो आणि पुढच्याखालून. साटीनमध्ये तो निदान चार धाग्यांवरून मोकळा जातो आणि मगच एकदा खाली बुडी मारतो. असे लांब, समांतर धागे शेजारी शेजारी पडले की उजेड फारसा न विखुरता परततो.

पाकळीच्या आतली सावली रंगवताना हात काळ्या रंगाकडे जातो. तो आवरावा. आत शिरलेला उजेड कापडावर एकदा आपटून थेट बाहेर येत नाही, समोरच्या भिंतीवर पुन्हा आपटतो. समजा, लाल रिबीन लाल उजेडाचा ८० टक्के भाग परत पाठवते आणि हिरव्याचा १० टक्के. दोनदा आपटल्यावर लाल ६४ टक्के उरतो, हिरवा अवघा एक. उजेड कमी झाला, पण लाली वाढली. म्हणून आतली सावली गडद असूनही रसरशीत दिसते. तिथे किरमिजी भरला की पाकळीला खोली येते. काळा भरला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं.

फ्रान्स्वा बुशे या फ्रेंच चित्रकाराने १७५६ साली फ्रेंच राजदरबारातल्या मादाम द पॉम्पादूरचं चित्र रंगवलं. ते आज म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेक संग्रहालयात आहे. तिच्या पोशाखावर छातीपासून कमरेपर्यंत फितीची फुलं शिडीसारखी एकाखाली एक बांधलेली आहेत; तेव्हा ती फॅशनच होती. गाउसचा सिद्धांत यायला अजून ७१ वर्षं होती. गणिताने जे पुढे सिद्ध केलं, ते रेशमाकडे टक लावून पाहणाऱ्या चित्रकारांच्या हातांत आधीच उतरलं होतं, याचं मला अतोनात अप्रूप वाटतं.

हे एकदा पाहायला शिकलं की नऊवारीच्या निऱ्या, फेट्याचा तुरा, पुस्तकाचं वळलेलं पान, सगळीकडे तीच सरळ रेघ दिसू लागते. साटीनची एक रिबीन बांधून खिडकीपाशी ठेवा आणि या वेळी बाह्यरेषा काढूच नका. फक्त उजेडाचे आणि सावलीचे पट्टे भरत जा, जिथे दिसतील तिथे, दिसतील तेवढेच. थोड्या वेळात काठ आपोआप उमटतील, कारण प्रत्येक पट्टा काठापाशीच संपतो.