बैठक मारा, पण टाच टेकवून

तालमीतली बैठक चवड्यांवर मारतात: खाली जाताना टाचा उचलतात, गुडघे पुढे जातात, हात झोकात मागून पुढे येतात. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांच्या पिढीने जोर-बैठकांवरच अंग कमावले. नवशिक्याने मात्र टाच जमिनीवरच ठेवावी.

गोव्यात आमोण्याकडच्या जुन्या घरांपुढचा सोपा, म्हणजे बसायचा बांधीव ओटा, यासाठी उत्तम. नसल्यास भक्कम खुर्ची. सोप्याकडे पाठ करून उभे राहा. पायांत खांद्यांइतके अंतर, चवडे किंचित बाहेर. आधी कंबर मागे, मग गुडघे. गुडघा पायाच्या बोटांच्या रोखानेच जावा. तो आत वळणे ही सर्रास दिसणारी चूक. बूड सोप्याला टेकते न टेकते तोच पूर्ण तळव्यावर भार देऊन उठा. उठताना श्वास सोडा. कोंडून धरला तर रक्तदाब चढतो.

दिवसाआड दहा-दहाच्या दोन फेऱ्या पुरेत. पहिल्याच आठवड्यात शंभराची फुशारकी नको, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात तर मुळीच नको. गुडघा कुरकुरला तर कमी वाका. सूज असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.