सही आहे, कायदा नाही
युद्ध असो की आणीबाणी, छळाला कोणतीही सबब चालत नाही, असे संयुक्त राष्ट्रांचा १९८४ चा छळविरोधी करार सांगतो. भारताने त्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. अनुसमर्थन मात्र अजून बाकी आहे. छळ हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हाही नाही. मग खटला चालतो कशावर? नागपुरात १९९३ मध्ये लुटीच्या संशयावरून उचललेला माणूस मारहाणीनंतर पोलीस कोठडीत दगावला. पोलिसांवर सिद्ध झाले ते कबुलीसाठी दुखापत केल्याचे तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचे कलम ३३०. शिक्षा तीन वर्षे. ४ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षांवर नेली. या कलमात त्याहून जास्त शिक्षा नव्हतीच.