पोलादनगरीतील नवे कौशल्य : नैतिक हॅकिंगचे प्राथमिक धडे

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. १९५५ मध्ये भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून हा कारखाना आकारास आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. पुढे १४ जून २०१८ रोजी आधुनिकीकरण व विस्तार झालेला कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याच समारंभात भारतीय तंत्रज्ञान संस्था, भिलाईच्या कायमस्वरूपी संकुलाची पायाभरणीही झाली. छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठही याच शहरात आहे. एकीकडे संगणकावर चालणारी अवजड यंत्रे आणि दुसरीकडे संगणकशास्त्र शिकणारी तरुण पिढी, असा संयोग येथे घडून आला आहे. या दोहोंना जोडणारे कौशल्य म्हणजे नैतिक हॅकिंग होय.

झोतभट्टीपर्यंत पोहोचलेला हल्ला

संगणकावरील हल्ला म्हणजे केवळ माहितीची वा पैशांची चोरी, असा समज अद्याप रूढ आहे. पैशांची चोरी लहान असते असेही नाही. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेची यंत्रणा भेदून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये काही दिवसांत लंपास करण्यात आले; त्यांतील मोठी रक्कम परदेशांतील एटीएममधून काढली गेली होती. तथापि, हल्ल्याचा परिणाम याहून गंभीर असू शकतो. जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने २०१४ सालच्या अहवालात तेथील एका पोलाद कारखान्याची घटना नोंदवली आहे. हल्लेखोरांनी फसव्या ई-मेलद्वारे कार्यालयीन जाळ्यात शिरकाव केला व तेथून ते उत्पादन यंत्रणेपर्यंत पोहोचले. नियंत्रण यंत्रणेत बिघाड होऊन झोतभट्टी सुरक्षितपणे बंद करता आली नाही आणि कारखान्याचे मोठे नुकसान झाले.

कारखान्यात एक दुवा निखळला की काय होते, हे भिलाईने अनुभवले आहे. जून २०१४ मध्ये तेथील एका पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब घटला, विषारी वायूची गळती झाली आणि ६ जणांना प्राण गमवावे लागले. या दुर्घटनेचा सायबर हल्ल्याशी काहीही संबंध नव्हता. परंतु पाण्याचा दाब, वायूचा प्रवाह आणि भट्टीचे तापमान यांवर संगणकीय नियंत्रण असते, तेव्हा त्या संगणकाचे रक्षण हे माणसांच्या जिवाचेही रक्षण असते.

परवानगी हेच पहिले साधन

हल्लेखोर ज्या मार्गाने यंत्रणेत शिरू शकेल, तो मार्ग त्याच्या आधी शोधून मालकाच्या निदर्शनास आणणे, हे नैतिक हॅकरचे काम आहे. यंत्रणेवर प्रत्यक्ष पण नियंत्रित हल्ला करून तिची कसोटी घेणे याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. हल्लेखोर आणि परीक्षक यांची साधने बहुतांशी एकच असतात. फरक असतो तो मालकाच्या लेखी परवानगीचा. कोणत्या यंत्रणा तपासावयाच्या, कोणत्या वगळावयाच्या, कोणत्या वेळेत आणि अडचण उद्‌भवल्यास कोणाला कळवावयाचे, हे त्या परवानगीत नमूद असावे लागते.

‘आपण काही चोरले नाही, केवळ पाहिले’ हा बचाव पुरेसा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश केल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. हेच कृत्य अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शासनाने ‘संरक्षित’ म्हणून घोषित केलेल्या यंत्रणेत शिरण्याचा नुसता प्रयत्नही कलम ७० नुसार दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरतो.

घरातील प्रयोगशाळा

नवशिक्याने आयत्या साधनांपासून नव्हे, तर पायापासून सुरुवात करावी. ब्राउझरमध्ये पत्ता टंकित केल्यापासून पान दिसेपर्यंत संगणकांमध्ये कोणता संवाद घडतो, हे प्रथम समजून घ्यावे. त्यानंतर लिनक्सच्या आज्ञा आणि पायथॉनसारखी एखादी संगणकभाषा शिकावी. हा पाया भक्कम नसेल, तर साधन काय दाखवत आहे याचा अर्थ लागत नाही.

सरावासाठी कोणाच्याही संकेतस्थळाला हात लावण्याची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्स या मोफत प्रणालीच्या साहाय्याने एकाच संगणकात दोन आभासी संगणक उभारता येतात. एकात काली लिनक्स ही तपासणीची साधने असलेली प्रणाली आणि दुसऱ्यात मेटास्प्लॉइटेबल ही सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली प्रणाली बसवावी. दोहोंचे जाळे इंटरनेटपासून अलग ठेवणे अत्यावश्यक आहे. एनमॅप या साधनाने दुसऱ्या संगणकाची कोणती द्वारे उघडी आहेत आणि त्यांमागे कोणती सेवा चालू आहे, हे कळते. वायरशार्कने जाळ्यातून जाणारी माहिती पाहता येते. सांकेतिक रूप न दिलेला पासवर्ड किती सहज वाचता येतो, हे येथे उमगते.

उदाहरणार्थ, एसक्यूएल इंजेक्शन हा दोष घेऊ. नाव लिहिण्याच्या चौकटीत कोणी नावाऐवजी डेटाबेसला समजणारी आज्ञा लिहिली आणि प्रणालीने ती निमूटपणे पाळली, तर पासवर्डविनाही प्रवेश मिळू शकतो. सरावासाठीच बनविलेल्या डीव्हीडब्ल्यूए या प्रणालीवर हा दोष अभ्यासता येतो. मात्र दोष सापडला म्हणजे धडा संपला असे नव्हे. वापरकर्त्याचा मजकूर आणि आज्ञा वेगळे ठेवून तो दोष दूर करावा व पुन्हा चाचणी घ्यावी.

शेवटी अहवाल लिहावा. दोष कोठे आहे, तो पुन्हा कसा पडताळता येईल, त्याचे गांभीर्य किती आणि उपाय कोणता, हे मालकाला समजेल अशा भाषेत मांडणे, हेच परीक्षकाचे खरे उत्पादन होय. या कामी भाषेवरील प्रभुत्वही उपयोगी पडते.

औद्योगिक यंत्रणा मात्र नवशिक्याने दूरच ठेवाव्यात. कारखान्यांत आजही वापरली जाणारी मॉडबस ही संवादपद्धती १९७९ सालची असून, आज्ञा देणारा कोण आहे हे पडताळण्याची सोय तिच्या मूळ रचनेत नाही. जुन्या नियंत्रक यंत्रावर साधी द्वारतपासणी केली तरी ते बंद पडू शकते. म्हणूनच अशा चाचण्या अनुभवी तज्ज्ञ शक्यतो पर्यायी यंत्रावर करतात.

प्रशिक्षण आणि संधी

आयआयटी खरगपूरने तयार केलेला नैतिक हॅकिंगचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर घरबसल्या पाहता येतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेचा संगणकीय पायाभूत सुविधा व सुरक्षा या विषयांवरील पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २००४ पासून कार्यरत असलेली सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था सुरक्षा लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांची सूची तयार करते; अशा संस्थांत प्रशिक्षित परीक्षकांना काम मिळते. एखाद्या यंत्रणेतील दोष सहज लक्षात आल्यास तो अधिक न चाचपता सर्ट-इनला कळविण्याची सोयही उपलब्ध आहे.

पोलाद कारखान्यात धोक्याच्या जागी दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कामगाराला लेखी कार्यपरवाना घ्यावा लागतो. भिलाईतील अनेक घरांत ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. संगणकाच्या कळफलकावरही तीच शिस्त पाळणारे तरुण या शहरातून घडले, तर उद्याच्या कारखान्यांना आणि बँकांना विश्वासू रखवालदार लाभतील.